डेव्हलपर म्हणून नाव कसं होतं? नव्या मुलामुलींनी वारंवार विचारलेले प्रश्न

पुण्यात सॉफ्टवेअर लिहायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. सांगली, लातूर, धुळे, चंद्रपूरकडून आलेली मुलंमुली हिंजवडीत किंवा खराडीत पहिली नोकरी शोधताना भेटतात, फोन करतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. प्रत्येकाला घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

माझं कॉलेज तालुक्याच्या गावातलं आहे. मोठी कंपनी कॅम्पसला येतच नाही. मग माझं नाव होणार कसं?

पहिल्या नोकरीसाठी कॉलेजचं नाव चालतं, हे खरं आहे. शेकडो रिज्युमे चाळताना लोक ओळखीचं नाव शोधतात आणि त्यात तुमच्यावर अन्याय होतो. पण दोन-तीन वर्षांनी परिस्थिती बदलते. तुम्ही खोलीत नसताना कुणीतरी म्हणतं, ‘हे काम तिला द्या, होऊन जाईल.’ हे वाक्य म्हणजे तुमचं नाव. ते बोलणाऱ्या माणसाने तुमचं काम पाहिलेलं असतं, मार्कशीट नव्हे.

तुमचं काम अनोळखी लोकांनाही दिसेल अशी जागा आज उपलब्ध आहे, ती म्हणजे ओपन सोर्स: ज्याचा कोड कुणालाही वाचता, सुधारता येतो असं सॉफ्टवेअर. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं. आज त्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचा तर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ लिहावी लागते: तुमचं नाव आणि ईमेल, म्हणजे ‘हा कोड पाठवायचा मला हक्क आहे’ अशी तुमची सही. त्या ओळीत कॉलेज लिहायला जागाच नाही. मला ती ओळ फार आवडते.

पण सुरुवात कुठून करू? मोठा प्रोजेक्ट उघडला की काहीच कळत नाही.

तुम्ही रोज जे वापरता तिथून. वापरताना काहीतरी अडतं, एखादा एरर मेसेज दिशाभूल करतो, डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेली कमांड चालत नाही. ते सापडलं की आधी त्या प्रोजेक्टचे जुने इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, वाचा, कुणी नोंदवलंय का बघा. नसेल तर बग रिपोर्ट लिहा: काय केलं, काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आवृत्ती कोणती, आणि दुसऱ्याच्या मशीनवर तेच घडवून आणता येईल असा छोटासा कोड. असा रिपोर्ट लिहायला दोन-तीन तास लागतात. पण ज्याने तो वाचला त्याचे दोन दिवस वाचतात, आणि तो तुमचं नाव विसरत नाही.

प्रोजेक्ट परदेशातलाच हवा असं नाही. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब आणि कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईत जन्मलं. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि पूर्ण खुलं आहे. त्यात खतावणी, जीएसटी, गोदाम आहे. घरी किराण्याचं दुकान असलेल्या मुलाला त्यातल्या चुका शहरातल्या अनुभवी माणसाच्या आधी दिसतील.

एक विनंती मात्र आहे. कुणाच्या तरी रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल स्वीकारा’ अशी विनंती, पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात, बक्षिसाच्या टी-शर्टसाठी असल्या पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला, की आयोजकांना ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिलाय, तिथलंच काम मोजलं जाईल. त्या पुरात भारतातली मुलं मोठ्या संख्येने होती. मला त्याचं वाईट वाटलं, कारण पुढचे कितीतरी दिवस खरं काम घेऊन येणाऱ्या आपल्या मुलांकडेही लोक संशयाने बघत होते.

गुगल समर ऑफ कोड हा मानधनासह ओपन सोर्समध्ये काम करायची संधी देणारा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याची अट नाही. वय अठरा पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असाल तरी अर्ज करता येतो. पण अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर जागे होऊ नका. निवड बहुतेकदा त्यांचीच होते, जे आधीचे चार-सहा महिने त्या प्रोजेक्टमध्ये छोटी कामं करत असतात.

मराठी येतं याचा या क्षेत्रात काही उपयोग आहे का?

आहे, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक पद्धत म्हणजे ऱ हे अक्षर आणि त्याला हलंत. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगवेगळे शब्द आहेत. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप केलेलं एकसारखं करणं) लावलं तरी ते एक होत नाहीत. म्हणजे एका ऑपरेटरने एका कीबोर्डवरून खातं उघडलं, दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं. काउंटरसमोर उभ्या असलेल्या कऱ्हाडे आजी म्हणतात, ‘अरे, माझे पैसे याच शाखेत आहेत.’ आणि आजींचंच बरोबर असतं.

तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ आणि त्यावर ॅ असं लिहायचे, अजूनही लिहितात. दिसायला जवळपास एकच, शोधायला दोन. शिवाय मराठीतला ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. फाँटमध्ये सोय असेल आणि पानाला भाषा ‘एमआर’ अशी दिली असेल, तरच आपलं वळण उमटतं. बऱ्याच मराठी वेबसाइटवर ही एक ओळ चुकलेली असते.

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक शाळेत आपण हसत शिकलो. सर्चमध्ये, क्रमवारीत, ओसीआरमध्ये (चित्रातला मजकूर वाचण्यात), बोलून टाइप करण्यात तो फरक सांभाळायला मराठी माणूसच लागतो. स्वीडनमधला किंवा बेंगळुरूमधला उत्तम डेव्हलपरसुद्धा हा बग पाहू शकणार नाही, कारण त्याला तो दिसणारच नाही. फाँट, टेक्स्ट रेंडरिंग, शोध आणि भाषांतर या प्रोजेक्टमध्ये अशी माणसं कायम कमी असतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने एका लायब्ररीत मराठी शोधाचे फक्त अकरा टेस्ट केस लिहून पाठवले. आज भारतीय भाषांचा काहीही प्रश्न आला की तिथले मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, आधी तिलाच विचारतात.

मी सर्व्हिस कंपनीत आहे. क्लायंटचा कोड बाहेर दाखवता येत नाही. मग माझं काम कुणाला कळणार?

कोड दाखवायची गरज नाही, तो दाखवूही नका. पण तुम्ही काय शिकलात ते सांगता येतं. ‘दोन कोटी ओळींच्या टेबलवर इंडेक्स बदलताना काय काय अडलं’ हे क्लायंटचं नाव, आकडे आणि रचना वगळून, घरी खोटा डेटा बनवून पुन्हा करून दाखवता येतं. शिवाय कंपनीच्या आतही नाव होतंच की. ज्या फाइलला कुणी हात लावत नाही ती समजून घ्या आणि तिच्यावर दोन पानांची टिपणं लिहून टीमच्या विकीवर टाका. पुढे कुणीतरी नोकरी बदलतं, दुसऱ्या कंपनीत मॅनेजर होतं, आणि त्याला ती दोन पानं आठवतात. मला तिसरी नोकरी अशाच एका माणसामुळे मिळाली.

बेंचवर, म्हणजे कंपनीत प्रोजेक्टविना बसून असाल तर घाबरून सात कोर्स एकदम लावू नका. एक गोष्ट घ्या आणि ती पूर्ण करा.

माझ्या हातून प्रॉडक्शनमध्ये (लोक वापरत असलेल्या चालू सिस्टिमवर) मोठी चूक झाली. आता माझं नाव गेलं का?

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या नोकरीत आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करायचो. ३१ मार्चची रात्र होती. बचत खात्यांवर व्याज जमा करायची स्क्रिप्ट मी चालवली, मध्येच नेटवर्क तुटलं, ती पूर्ण झाली नाही असं समजून मी पुन्हा चालवली. प्रत्यक्षात पहिली फेरी पूर्ण झाली होती. हजारो खात्यांवर दुप्पट व्याज जमा झालं.

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. गुपचूप उलट नोंदी टाकून प्रकरण मिटवावं, असा विचार दहा मिनिटं मनात होता. मग सिनिअरना फोन केला आणि सरळ सांगितलं, ‘सर, व्याज दोनदा पडलंय, माझ्याकडून.’ ते एकच बोलले: ‘आता काहीही चालवू नकोस, मी येतो.’ पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून दुसऱ्या फेरीच्या नोंदी उलटवल्या, एकेका शाखेची बेरीज जुळवली.

पण खरं काम दुसऱ्या दिवशीचं होतं. मी एका पानावर लिहिलं: काय घडलं, किती वाजता, मला काय वाटलं, प्रत्यक्षात काय होतं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. बदल छोटा होता. प्रत्येक फेरीची तारीख आणि शाखा एका टेबलात आधी नोंदवायची आणि ती जोडी एकमेव असायची सक्ती डेटाबेसवर घालायची. मग तीच फेरी दुसऱ्यांदा चालूच शकत नाही. ते पान संस्थेच्या सचिवांनाही पाठवलं. पुढच्या वर्षी मार्चअखेरीचं सगळं काम त्यांनी नाव घेऊन माझ्याकडे मागितलं.

चुका सगळ्यांकडून होतात हे या धंद्यातल्या जाणत्यांना पक्कं ठाऊक असतं. चूक किती मिनिटांनी सांगितली आणि नंतर काय बदललं, एवढंच ते बघतात. लपवलेली चूक लॉगमध्ये सापडते. मग तुमचं आधीचं चांगलं कामही लोक पुन्हा तपासायला लागतात.

कोड रिव्ह्यूत माझ्या कोडवर तीसतीस कमेंट येतात. फार अपमान वाटतो.

सुरुवातीला वाटतो, मलाही वाटायचा. मनापासून वाचून तीस कमेंट लिहिणारा माणूस तुमच्यावर स्वतःचे दोन तास खर्च करतोय. प्रत्येक कमेंटला उत्तर द्या: ‘केलं’, किंवा ‘केलं नाही, कारण असं’. गप्प राहून अर्धंच बदलू नका. आणि तुम्ही स्वतः रिव्ह्यू कराल तेव्हा एक पथ्य पाळा: दोष कोडचा सांगा, माणसाचा नको. ‘इथे यादी रिकामी आली तर काय होईल?’ असं विचारलं की समोरचा आपणच विचार करायला लागतो.

कुणी खरोखर टाकून बोलत असेल, सगळ्यांसमोर पाणउतारा करत असेल, तर ते सहन करणं म्हणजे शिकणं नव्हे. लिहून ठेवा, मॅनेजरशी बोला, नाहीतर टीम बदला.

एआय सगळा कोड लिहितं. आता नाव कमावण्यात काय अर्थ उरलाय?

मी रोज एआय वापरतो. त्याने कोड लिहिणं स्वस्त झालं. कोडची जबाबदारी घेणं तितकंच महाग राहिलं आहे. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन १९९८ पासून आहे. त्याचे निर्माते डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगत आले आहेत, की एआयने लिहिलेले, दिसायला अचूक पण मुळात खोटे सुरक्षा-रिपोर्ट त्यांच्या टीमचे तासन्‌तास खातात. तसा रिपोर्ट पाठवणाऱ्याचं नाव पहिल्याच दिवशी खराब होतं.

माझा नियम असा: जी ओळ मी रिव्ह्यूत तोंडी समजावून सांगू शकत नाही, ती माझ्या नावाने पाठवत नाही. फ्रेशर असाल तर पहिलं वर्षभर रोजचा एक तास एआयशिवाय डीबग करा. डीबगर लावा, स्टॅक ट्रेस वरपासून खालपर्यंत वाचा. मुलाखतीत हे दोन मिनिटांत कळतं.

इंग्रजी कच्चं आहे.

लेखी कामापुरतं येतं तेवढं पुरतं. छोटी वाक्यं लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. मेंटेनरांपैकी कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना तुमची साधी वाक्यंच बरी वाटतात. बोलण्याची भीती स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) रोज दोन वाक्यं बोलून जाते. त्याला वेगळा क्लास लागत नाही.

गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) रोज काम केल्याचा हिरवा चौकोन हवाच का? लिंक्डइनवर रोज लिहू का?

नाही. एक पूर्ण झालेलं, कुणीतरी वापरत असलेलं काम दाखवा. लिंक्डइनवर महिन्यातून एकदा खरं काही शिकलात ते लिहिलंत तर भरपूर झालं.

क्लासवाले म्हणतात, तीन वर्षांचा अनुभव दाखवून देतो. मित्रांनी घेतलाय. मी घेऊ का?

नका घेऊ. घरची परिस्थिती मला माहीत आहे. वडिलांनी कर्ज काढलेलं असतं, रूमचं भाडं थकलेलं असतं, आणि समोरचा माणूस एका लाखात नोकरीची हमी देतो. पण पार्श्वभूमी तपासताना पीएफची नोंद मागतात. यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावर, कुठली कंपनी, कधीपासून कधीपर्यंत, सगळं दिसतं. रुजू झाल्यावर आठव्या महिन्यात काढलेली मुलं मी पाहिली आहेत, रिलीव्हिंग लेटरशिवाय. आणि पकडले गेला नाहीत तरी रोज तीन वर्षांच्या अनुभवाचं काम अंगावर पडतं, शिकायला विचारायची सोय राहत नाही. ते एकटेपण फार वाईट असतं. त्यापेक्षा कमी पगाराची खरी इंटर्नशिप घ्या. कुठे मिळत नसेल तर गावातल्या दवाखान्याचं, दूध डेअरीचं, वाचनालयाचं एखादं काम घ्या, ते नीट चालवून दाखवा आणि रिज्युमेत तसंच लिहा.

लोकांचा विश्वास बसायला किती वेळ लागतो?

याचं उत्तर एका गुन्ह्याच्या गोष्टीतून मिळतं. एक्सझेड ही फाइल लहान करणारी लायब्ररी बहुतेक लिनक्स यंत्रणांमध्ये असते. ती जवळजवळ एकट्याने सांभाळणारे लासे कॉलिन थकले होते. ‘जिया टॅन’ नावाचं एक खातं २०२१ च्या शेवटी पॅच पाठवू लागलं. सभ्य, मेहनती, तत्पर. दुसऱ्या काही खात्यांनी कॉलिनवर दबाव टाकला, की दुसऱ्याला मेंटेनर करा. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याने त्यात चोरदार घातलं.

ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर. आपल्या चाचणीच्या मशीनवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. मोठं संकट टळलं.

ठगालासुद्धा विश्वास मिळवायला दोन वर्षं नियमित, चांगलं काम करावं लागलं. तेव्हा प्रामाणिक माणसाने सहा महिन्यांत निराश होऊ नये. फ्रॉइंड यांचा ईमेल लोकांनी लगेच खरा मानला, कारण त्यामागे पोस्टग्रेसमधलं वर्षानुवर्षांचं काम उभं होतं. आणि एकट्या, थकलेल्या मेंटेनरशी बोलताना जरा मायेने बोला. ‘अजून झालं नाही का?’ ऐवजी ‘मी टेस्ट करून देऊ का?’ असं विचारा.

बाळंतपणानंतर चार वर्षांचा खंड पडलाय. परत येता येईल का?

येईल. रिज्युमेत खंड लपवू नका, एका ओळीत सरळ लिहा. जुनी भाषा घासूनपुसून घ्यायला तीन महिने द्या. सगळं नवं शिकायच्या मागे लागू नका. आउटरीची हा कार्यक्रम पहा: तीन महिने, घरून, मानधनासह, ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये मार्गदर्शकाच्या हाताखाली काम. ज्यांना या क्षेत्रात डावललं जातं अशांसाठीच तो आहे. जुन्या सहकाऱ्यांना मेसेज करायला संकोचू नका. चार वर्षांपूर्वी तुम्ही नीट काम केलं असेल तर ते विसरलेले नसतात. आणि घरच्यांसाठी एक सांगणं: रोज दोन तास दार बंद करून तिला अभ्यास करू द्या.

चाळिशीनंतर मॅनेजर व्हावंच लागतं का?

नाही. रिचर्ड हिप २००० पासून एसक्यूलाइटवर काम करत आहेत, आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तो डेटाबेस आहे. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात आणि नातेवाइकांत ‘मॅनेजर’ शब्दाला वजन आहे, तो दबाव खरा आहे. पण आता बऱ्याच कंपन्यांत तांत्रिक शिडी वेगळी असते. मुलाखतीत विचारा.

नोकरीत असताना ओपन सोर्समध्ये काम केलं तर कंपनी हरकत घेईल का?

आधी ऑफर लेटर नीट वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, कंपनीची असते. काही कंपन्या करारात याहूनही जास्त मागतात. म्हणून मॅनेजरला छोटा ईमेल करा: कुठल्या प्रोजेक्टवर, माझ्या वेळेत, माझ्या लॅपटॉपवर, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेलं काम करायचं आहे. लेखी होकार आला की जपून ठेवा. मी आतापर्यंत तीन कंपन्यांत असा ईमेल केला. दोन ठिकाणी चार दिवसांत होकार आला, तिसऱ्या ठिकाणी कायदा विभागाने महिना लावला, पण दिला.

ठीक आहे. आज रात्री नेमकं काय करू?

गेल्या आठवड्यात तुम्हाला ज्या एररने तासभर अडवलं तो आठवा. ती लायब्ररी कुठली ते बघा, तिचे इश्यू उघडा आणि तोच एरर शोधा. कुणी विचारून उत्तराविना पडलेला असेल, तर तुम्ही तो कसा सोडवलात ते आवृत्तीसकट तिथे पाच ओळींत लिहा. मग झोपा.